पडद्यावरचा रंग नेमका कुठे चुकतो? अलिबागच्या वेधशाळेपासून आजच्या मॉनिटरपर्यंत

(दीर्घ थ्रेड)

१/२५
थेरगावातल्या डांगे चौकाजवळ एखादे छोटे डिझाइन कार्यालय आहे, अशी कल्पना करावी. लग्नपत्रिकेवरचा कुंकवाचा लाल रंग मॉनिटरवर केशरी दिसतो आहे आणि पांढऱ्या पानावर पिवळट झाक आली आहे. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ येतो. आधी केबल हलवतो, मग शेजारचा मॉनिटर जोडून पाहतो, जवळ ठेवलेला स्पीकर दूर सरकवतो. त्याच्या या तीन साध्या हालचालींमागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक फसलेला मराठी प्रयोग आहे, एक स्थलांतरित वेधशाळा आहे आणि एक महायुद्धही आहे.

२/२५
पडद्यावर दिसणारा रंग हा एका लांब साखळीचा शेवट असतो. मूळ वस्तू, तिची नोंद, तो संदेश वाहून नेणारी तार वा लहर, तो उजळवणारा पडदा आणि अखेरीस पाहणाऱ्याचा डोळा. बिघाड यांपैकी कोणत्याही कडीत असू शकतो. दिसतो मात्र नेहमी पडद्यावरच. म्हणूनच रंगाच्या बिघाडाचा इतिहास म्हणजे ‘चूक नेमकी कोणत्या कडीत?’ या प्रश्नाचा इतिहास होय.

३/२५
पहिल्या कडीपासून प्रारंभ करू. १७ मे १८६१. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एका रंगीत चौकटीदार फितीची तीन छायाचित्रे पडद्यावर एकावर एक प्रक्षेपित केली. ती थॉमस सटन याने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतली होती. तिन्ही काचफलक स्वतः कृष्णधवल होते. परंतु त्या-त्या रंगाचा प्रकाश त्यांतून सोडताच फीत रंगीत दिसू लागली. आजचा प्रत्येक मॉनिटर याच तत्त्वावर चालतो: लाल, हिरवा, निळा, आणि बाकी सारे त्यांचे मिश्रण.

४/२५
परंतु यात एक गफलत होती. त्या काळचे छायाचित्रण-रसायन लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळे होते. मग लाल गाळणीमागच्या काचफलकावर चित्र उमटलेच कसे? हे कोडे बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅक कंपनीच्या राल्फ इव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवले. फितीतील लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि ते किरण त्या गाळणीतून पार होत होते. लालाची नोंद झाली ती प्रत्यक्षात अदृश्य किरणांनी! पडद्यावर रंग योग्य दिसला, म्हणजे साखळीतील सर्व कड्या योग्य होत्या असे सिद्ध होत नाही. रंगाच्या इतिहासातला हा पहिला धडा.

५/२५
आता मावळाकडे वळू. थेरगावहून जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याकडे जाताना कार्ल्याजवळ मळवली लागते. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला चित्रछापखाना पुढे येथे हलवण्यात आला. तो नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी-सरस्वतीची जी चित्रे घरोघरी पोहोचली, त्यांतील प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा असे. एकाच कागदावर त्या शिळांचे ठसे एकामागून एक उमटवले जात.

६/२५
एखादा ठसा केसभर सरकला, की देवीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर सांडे. अशा वेळी शाई निर्दोष असते, चित्रही निर्दोष असते. चुकते ती जुळणी. नळीच्या जुन्या मॉनिटरवर पांढऱ्या अक्षराच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी रेघ दिसे, तो दोष याच जातीचा होता. तिथे तीन ठशांच्या जागी तीन इलेक्ट्रॉन-झोत नीट एकत्र येत नसत. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले होते. महाराष्ट्रात चित्रपट आणि रंगीत छपाई यांचे नाते इतके जवळचे आहे.

७/२५
चित्रपटात रंग आणण्याचा धाडसी मराठी प्रयत्न फाळक्यांच्या पुढच्या पिढीने केला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. त्याच वर्षीचा तिचा चित्रपट म्हणजे शांतारामांनी दिग्दर्शित केलेला ‘सैरंध्री’. महाभारतातील द्रौपदी व कीचक यांची कथा, आणि तीही रंगांत.

८/२५
चित्रण भारतात झाले. परंतु रंगीत प्रक्रिया आणि प्रतींची छपाई जर्मनीत. शांताराम त्यासाठी स्वतः जर्मनीला गेले. मोठा खर्च झाला, मोठ्या अपेक्षा होत्या. निकाल मात्र निराशाजनक ठरला. रंग भडक आणि अस्वाभाविक दिसले आणि चित्रपटाला यश लाभले नाही. रंगीत प्रक्रिया परदेशात झाल्यामुळे पहिल्या संपूर्ण देशी रंगीत चित्रपटाचा मानही १९३७ च्या ‘किसान कन्या’कडे गेला.

९/२५
त्या काळच्या रंगतंत्राची मर्यादा येथे समजून घ्यायला हवी. तेव्हा प्रचलित असलेल्या ‘बायपॅक’ पद्धतीत कॅमेऱ्यात दोन फिती एकमेकींना चिकटून धावत. एक निळ्या-हिरव्या प्रकाशाची नोंद घेई, दुसरी लालाची. तीन रंगांचे काम दोघांत भागवल्यावर काही रंग हाती लागतच नाहीत. शुद्ध पिवळा, गर्द जांभळा, खरा निळा हे रंग तिथे कच्चेच राहतात. हळद, जांभळा शालू आणि मोरपिशी शेला यांनी भरलेल्या पौराणिक दरबारासाठी ही मर्यादा केवढी मोठी होती, याची कल्पना करता येईल.

१०/२५
हा बिघाड कोणत्याही बटणाने दुरुस्त होणारा नव्हता. नोंदीच्या कडीतच जो रंग पकडला गेला नाही, तो पुढच्या कोणत्याही कडीत निर्माण करता येत नाही. त्यातच वेशभूषा एका देशात आणि प्रयोगशाळा दुसऱ्या खंडात, म्हणजे मूळ वस्त्र आणि छापलेली प्रत शेजारी ठेवून पाहण्याचीही सोय नाही. रंगाने शांतारामांचा पिच्छा मात्र सोडला नाही. बावीस वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये झळकला आणि तो गाजलाही. टेक्निकलरची पद्धत तीन रंगांची होती.

११/२५
चित्रपटाचा रंग फितीवर स्थिर असतो. इलेक्ट्रॉनिक पडद्यावर मात्र तो दर क्षणी नव्याने घडवावा लागतो. १९५० मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीने ‘शॅडो मास्क’ असलेली रंगीत चित्रनळी सादर केली. नळीच्या मागच्या टोकाला तीन इलेक्ट्रॉन-झोत. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस लाल, हिरव्या, निळ्या स्फुरद्रव्याचे बारीक ठिपके. आणि मध्ये असंख्य छिद्रे असलेला धातूचा पातळ पडदा. प्रत्येक झोताने छिद्रातून आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावे, अशी ही नाजूक रचना. पुढे कित्येक दशके दूरचित्रवाणी संच आणि संगणकाचे मॉनिटर याच तत्त्वावर चालले.

१२/२५
या रचनेचा शत्रू म्हणजे चुंबकत्व. इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकीय क्षेत्रात वाकतो. तो किंचित वाकला, तरी लालाचा झोत शेजारच्या हिरव्या ठिपक्यावर जाऊन पडतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात जांभळट-हिरवट डाग उमटतात. स्पीकरमध्ये चुंबक असतो. म्हणून तंत्रज्ञ आधी स्पीकर दूर करत. मोठी मोटर, वेल्डिंग यंत्र वा ट्रान्सफॉर्मर जवळ असले, तरी चित्र थरथरे वा डागाळे. पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात मॉनिटर कुठे ठेवावा हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता, भौतिकशास्त्राचाही होता.

१३/२५
‘आजूबाजूची विजेची यंत्रे आपल्या नाजूक उपकरणाला बिघडवतात’, ही तक्रार महाराष्ट्रात संगणकाच्या कितीतरी आधी नोंदली गेली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने केली. १८४० च्या दशकापासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामची योजना आली. ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परतणार, आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र कुलाब्याच्या संवेदनशील उपकरणांना डळमळीत करणार, हे उघड होते.

१४/२५
वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांच्यापुढे हा पेच होता. शहराची प्रगती थांबवता येत नव्हती. नोंदींची अखंडताही गमावून चालणार नव्हते. उपाय ठरला तो स्थलांतराचा. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, अलिबागला, अचुंबकीय साहित्य वापरून नवी वेधशाळा उभारली गेली आणि १९०४ मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

१५/२५
या कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट पुढे आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले गेले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. दोन स्थानांतील फरक नेमका किती, हे त्यामुळे कळले आणि कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेशी सांधता आली. अन्यथा १९०४ नंतरचा बदल पृथ्वीचा की जागेचा, हे कोणालाही सांगता आले नसते. संशयित मॉनिटरशेजारी दुसरा मॉनिटर ठेवून तेच चित्र पाहणे, ही याच पद्धतीची घरगुती आवृत्ती होय.

१६/२५
मॉनिटरला तर पृथ्वीच्या क्षेत्राचाही उपद्रव होई. त्यावरच्या इलाजाला ‘डीगॉस’ म्हणत. हे नाव महायुद्धातून आले. १९३९ मध्ये जर्मनीने ब्रिटिश किनाऱ्याजवळ चुंबकीय सुरुंग पेरले. जहाजाच्या पोलादी सांगाड्याचे चुंबकत्व जाणवताच ते फुटत. २३ नोव्हेंबर १९३९ रोजी शूबरीनेस येथे चिखलात रुतलेला एक सुरुंग जॉन ऊव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उघडला आणि त्याचे रहस्य उलगडले. मग जहाजांभोवती तारांची वेटोळी गुंडाळून त्यांचे चुंबकत्व निष्प्रभ करण्याची पद्धत आली. चार्ल्स गुडीव्ह यांनी तिला चुंबकीय क्षेत्राच्या ‘गॉस’ या एककावरून नाव दिले. ते एकक कार्ल फ्रीडरिश गॉस या गणितज्ञाच्या नावाचे.

१७/२५
नळीचा मॉनिटर सुरू करताच ‘ढुम्म’ असा घुमणारा आवाज येई आणि चित्र क्षणभर हेलकावे. तेच हे डीगॉसिंग. पडद्याभोवतीच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा आणि हळूहळू विरत जाणारा प्रवाह धातूच्या जाळीत साठलेले चुंबकत्व पुसून टाकी. मॉनिटरची दिशा बदलली, तर पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याचे नाते बदले. म्हणून टेबल फिरवल्यावर पुन्हा डीगॉस करावे लागे. काही उत्पादक तर उत्तर गोलार्ध, दक्षिण गोलार्ध आणि विषुववृत्तीय प्रदेश यांसाठी वेगवेगळी जुळवणी केलेले मॉनिटर बनवत. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणजे जे पृथ्वीचे क्षेत्र अलिबागला मोजले जात होते, तेच मॉनिटरच्या कारखान्यातही हिशेबात घ्यावे लागत होते.

१८/२५
आता संदेशाची कडी. १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत स्वीकारली. तीत रंगाची छटा लहरीच्या ‘कले’वर, म्हणजे तिच्या वेळेतील सूक्ष्म स्थानावर, अवलंबून असे. प्रवासात ही कला जराशी सरकली, की चेहरे हिरवट वा जांभळट होत. प्रेक्षकाला ‘टिंट’चे बटण पिळत बसावे लागे. तंत्रज्ञ थट्टेने म्हणत, की या आद्याक्षरांचा खरा अर्थ ‘तोच रंग पुन्हा कधीही नाही’ असा आहे.

१९/२५
जर्मनीतील टेलेफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी यावर सुंदर तोड काढली आणि जानेवारी १९६३ मध्ये ती हॅनोव्हरला प्रात्यक्षिकासह मांडली. रंगसंदेशाचा एक घटक दर ओळीगणिक उलटा पाठवायचा. एका ओळीत चूक लालाकडे झुकली, तर पुढच्या ओळीत ती विरुद्ध दिशेने झुकते. दोन ओळींची सरासरी घेतली, की छटेतील चूक मिटते. रंग किंचित फिका होतो, पण बदलत नाही. चूक टाळता येत नसेल, तर तिला तिच्याच विरुद्ध उभे करावे, असा हा विचार. ही ‘पाल’ पद्धत भारताने स्वीकारली.

२०/२५
मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतीय पडद्यावर रंग आला तो १९८२ मध्ये: १५ ऑगस्टचे प्रक्षेपण आणि त्यानंतर नोव्हेंबरमधील दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. कार्यक्रमांपूर्वी पडद्यावर उभ्या रंगीत पट्ट्या दिसत. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, लाल, निळा हा तेजाचा उतरता क्रम. अनेकांना ती सजावट वाटे. प्रत्यक्षात ती संपूर्ण साखळी तपासण्याची मोजपट्टी होती. पांढरी पट्टी आकाशी झाली, पिवळी हिरवी आणि लाल पट्टी काळी पडली, तर लाल रंग हरवला आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळे.

२१/२५
१९८७ मध्ये आयबीएमने संगणकासाठी व्हीजीए ही जोडणी आणली: पंधरा पिनांचा तो परिचित, बहुधा निळा, प्लग. त्यातील पहिली पिन लालाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. एक पिन वाकली वा तार तुटली, की पडद्यावर उरलेल्या दोघांचे मिश्रण दिसे. लाल गेला तर आकाशी छटा, हिरवा गेला तर किरमिजी, निळा गेला तर पिवळी. तंत्रज्ञ आधी केबल हलवतो ते याचसाठी. आजच्या एचडीएमआयसारख्या अंकीय जोडण्यांत हा दोष क्वचितच दिसतो. तिथे तार बिघडली तर बहुधा चित्र तुटते, ठिपके चमकतात वा पडदा काळा होतो. पट्टीपडद्यांतून इलेक्ट्रॉन-झोत गेला आणि त्याबरोबर चुंबकाची बाधाही गेली. आता जुना होणारा मागचा दिवा आणि रात्री पडदा मुद्दाम पिवळसर करणारी सुविधा हे नवे संशयित आहेत.

२२/२५
येथे एक मूलभूत प्रश्न उरतो. ‘योग्य’ रंग ठरवला कोणी? १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी स्वतंत्र प्रयोग केले. निरीक्षकांनी लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशांचे प्रमाण बदलत समोरच्या रंगाशी जुळणी करायची. राइट यांच्याकडे दहा निरीक्षक होते, गिल्ड यांच्याकडे सात. या सतरा जणांच्या सरासरीवरून १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’ निश्चित केला. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेला आणि आज बहुतेक पडद्यांचा आधार असलेला एसआरजीबी हा मानकही याच पायावर उभा आहे. थेरगावातल्या मॉनिटरवरचा ‘अचूक लाल’ म्हणजे त्या सतरा डोळस माणसांच्या सरासरीशी झालेला एक करार होय.

२३/२५
आणि शेवटची कडी, डोळा. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाच्या छायाचित्राने जगभर वाद पेटवला. एकाच पडद्याकडे पाहणाऱ्या दोघांपैकी एकाला तो निळा-काळा दिसे, दुसऱ्याला पांढरा-सोनेरी. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळा होता. पडदा, तार, फाइल, सारे निर्दोष असूनही पाहणाऱ्यांत एकमत नव्हते, कारण मेंदू आजूबाजूच्या उजेडाचा अंदाज बांधून रंगातून तो वजा करत असतो. म्हणून पिवळ्या बल्बच्या उजेडात वा भडक भिंतीसमोर बसून मॉनिटरच्या रंगावर निवाडा देऊ नये.

२४/२५
इतिहासाने शिकवलेली तपासणी थोडक्यात अशी: प्रथम खोलीतला उजेड आणि रात्रीची पिवळसर सुविधा तपासावी. मग स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या विश्वासू उपकरणावर पाहावा. स्क्रीनशॉटमध्ये तार आणि पडदा येत नाहीत; म्हणून तिथेही रंग चुकला, तर दोष फाइलमध्ये वा प्रणालीत. तिथे बरोबर दिसला, तर मॉनिटरची वा प्रणालीची रंगजुळणी, केबल आणि मॉनिटर स्वतः, अशा क्रमाने पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, मॉनिटर आणि सेटिंग एकदम बदलले, तर रंग कदाचित सुधारेल, पण दोष कुठे होता हे कायमचे हरवेल. कुलाबा आणि अलिबाग दोन वर्षे एकत्र चालवण्यामागचे शहाणपण हेच.

२५/२५
हा प्रश्न केवळ लग्नपत्रिकेचा नाही. १९५० पासून प्रचारात आलेल्या ईस्टमनकलर पद्धतीच्या जुन्या चित्रपट-प्रतींतील निळसर रंगद्रव्य कालांतराने विरते आणि संपूर्ण चित्र गुलाबी-तांबूस होते. अशा चित्रपटांचे पुनरुज्जीवन आज मॉनिटरसमोर बसूनच केले जाते. तिथे मॉनिटर खोटे बोलत असेल, तर एका पिढीचे आकाश, एका नायिकेची साडी कायमची वेगळ्याच रंगाची होऊन बसेल. यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे: रंगीत चित्रपट लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन स्वतंत्र कृष्णधवल फितींवर उतरवून ठेवणे. त्यांतील चांदीची प्रतिमा रंगद्रव्यासारखी विरत नाही. १८६१ मधील मॅक्सवेलच्या तीन रंगहीन काचफलकांचीच ही पद्धत. आणि ते काचफलक जपून ठेवले होते, म्हणूनच शंभर वर्षांनी त्यांतली गफलतही उलगडली. दुरुस्ती शक्य होते ती तुलनेसाठी मूळ नोंद शिल्लक असेपर्यंतच. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि प्रभातच्या जुन्या आवारात १९६० पासून चित्रपटशिक्षण चालते. ‘सैरंध्री’चा रंग ज्या शहराच्या इतिहासात फसला, त्याच शहराकडे आज इतरांचे रंग जपण्याचे काम आहे.

(थ्रेड समाप्त)